एकोणीस जुलैच्या आधी

चिंचवड स्टेशनबाहेर चार टांगे उभे असतात. त्यांतला शेवटचा भैरूचा. गाडी आली की बाकीचे तिघे फाटकापर्यंत धावत जातात, उतारूंच्या हातातल्या पिशव्या ओढतात, "गावात का, काका? थेरगाव? चिखली?" असा गिल्ला करतात. भैरू घोडीजवळच उभा राहतो. ज्याचं ओझं फार आहे किंवा ज्याला आडरस्त्याने जायचं आहे असा माणूस बाकीच्यांनी नाकारला की आपोआप त्याच्याकडे येतो. तू पुढे का होत नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"मागं ऱ्हायलं की घाईचं गिऱ्हाईक येत न्हाई, वैनी," तो म्हणाला. "घाईचं मानूस घोडीला मारा म्हनतं."

भैरू चिखलीचा. त्याचा जन्म मानमोडीच्या साथीतला, म्हणजे एकोणीसशे अठरा सालातला असावा. महिना कुणाला माहीत नाही. वडील त्याच साथीत गेले. जमीन थोडी, ती थोरला भाऊ करतो. भैरू शाळेत गेला नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो चिंचवडला एका टांगेवाल्याकडे घोड्याची मालिश करायला राहिला आणि पुढे त्याच म्हाताऱ्याचा टांगा त्याच्याकडे आला.

मधे एकदा त्याने पलटणीत भरती व्हायचा प्रयत्न केला होता. लढाईचे दिवस होते. ही गोष्ट तो कुणालाही सांगतो, आणि सांगताना हसतो.

"सायबानं छाती मोजली, दात बघितलं, पाय उचलून टाच बघितली. म्या म्हनलं, सायेब, आमी घोडी इकत घेताना ह्येच बघतो. त्यो बी हासला. पर छाती अर्धा इंच कमी भरली. म्हनला, जा घरी."

त्यानंतर एक-दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. बायको शालन, मोशीची. ती मी पाहिली नाही. मी चिंचवडला आले तेव्हा ती वारली होती, असं मी आठ वर्षं समजत होते. तसं ते पुरतं खरं नव्हतं, पण ते पुढे येईल.

भैरूची आणखी एक सवय माझ्या ध्यानात आली होती. तो आमच्या आळीत टांगा आणत नसे. स्टेशनवरून आणलं तरी मारुतीच्या पारापाशी उतरवायचा. "हितनं जवळच हाय, वैनी," म्हणायचा. आळी अरुंद आहे, टांगा वळवायला अडचण होते, असं मी धरून चालले होते. बाकीचे तिघे टांगेवाले मात्र थेट दारापर्यंत येत.

आता आमच्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर भैरूला मॅजिस्ट्रेटसमोर का उभं राहावं लागलं ते कळणार नाही.

माझे सासरे चिंचवडचे. पोटापाण्यासाठी ते तरुणपणी कराचीला गेले आणि बंदरात नोकरीला लागले. माझे यजमान उद्धवराव यांचा जन्म तिथला. माझे वडीलही तिथेच कारकून होते, त्यामुळे माझाही जन्म तिथलाच. मी बी. ए. तिथेच झाले. आमचा मुलगा ज्योतीराम अडतीस साली तिथेच जन्मला. सासरे वारल्यावर सासूबाई, सुभद्राबाई, चिंचवडच्या घरी परत आल्या होत्या. मे महिन्यात आम्ही येऊन-जाऊन असायचो. कराचीत आमची मराठी शाळा होती, गणपती होता, भाजीवाली मराठी बोलायची. परक्या मुलखात राहतो असं कधी वाटलं नाही.

फाळणीनंतर आम्ही लगेच निघालो नाही. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत कराचीत दंगल झाली तेव्हा उद्धवरावांनी मला आणि ज्योतीरामला बोटीत बसवलं. त्यांना कामाचा ताबा देऊन निघायचं होतं. त्यात दिवस गेले, मधेच भारतात यायला परवाना लागायची पद्धत सुरू झाली, आणि ते परवाना घेऊन आले तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता.

मुंबईला धक्क्यावर उतरलो तेव्हा एका मंडपात टेबलं मांडून स्वयंसेवक बसले होते. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नावं ते लिहून घेत होते, एक चिठ्ठी देत होते. पुढे त्या चिठ्ठीवर छावणीत जागा, धान्य, कार्ड मिळायचं. रांग लांब होती. ज्योतीरामच्या अंगात ताप होता. एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि हिंदीत म्हणाली, "माताजी, नाम लिखवाइए."

मी तिला मराठीत सांगितलं, "आम्ही निर्वासित नाही. आम्ही आपल्या घरी चाललो आहोत."

तिने वही मिटली आणि मागच्या कुटुंबाकडे गेली. ताप नसता आणि रांग आखूड असती तरी मी वेगळं उत्तर दिलं असतं असं वाटत नाही. बंदरातली इतर तीन मराठी कुटुंबं आमच्याबरोबर होती. त्यांनीही नावं दिली नाहीत. गावात घर आहे, देव आहेत, भाऊबंद आहेत. अशा माणसाने निर्वासितांच्या वहीत नाव का लिहावं, असंच सगळ्यांना वाटलं.

पंचावन्नच्या जूनमध्ये ज्योतीराम पुण्याला कॉलेजात गेला. लष्करात अधिकारी व्हायचं त्याने शाळेपासून ठरवलेलं होतं. त्याची पहिली पायरी म्हणजे कॉलेजातली एन. सी. सी. तिथे दोन-तीन वर्षं कवायत, छावण्या, परीक्षा झाल्या की निवड मंडळापुढे जाताना वजन पडतं. त्याने अर्ज भरला. जन्मस्थळाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं. अर्जाच्या वरच ओळ होती की उमेदवार भारताचा नागरिक किंवा नेपाळची प्रजा असला पाहिजे.

तुकडीचे कॅप्टन म्हणजे त्याच कॉलेजातले एक प्राध्यापक होते. माणूस चांगला. त्यांनी ज्योतीरामला धावायला लावलं, छाती मोजली, सगळं पसंत केलं आणि मग कागद वाचला.

"काठमांडूत जन्मला असतास तर आजच गणवेश दिला असता," ते म्हणाले. "कराचीचं मला विचारावं लागेल."

विचारल्यावर जे उत्तर आलं ते असं. पाकिस्तानातून आलेला माणूस एकोणीस जुलै अठ्ठेचाळीसच्या आधी इथे येऊन राहिला असेल तर तो नागरिक. त्यानंतर आला असेल तर त्याने रीतसर नोंदणी केलेली असली पाहिजे. उद्धवराव नंतर आले होते, त्यांनी नोंदणी केली होती. आम्ही दोघं आधी आलो होतो, म्हणून आम्हाला नोंदणी लागत नव्हती आणि आम्ही ती केलीही नव्हती. आता आधी आलो हे दाखवायचं होतं. घरात जे कागद होते त्यांत सगळ्यांत जुनी तारीख उद्धवरावांच्या परवान्यावरची, नोव्हेंबरची. मुलगा बापाबरोबर नोव्हेंबरात आला असणार, असं कुठल्याही कारकुनाला वाटावं.

ज्योतीरामच्या वर्गात पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातला एक सिंधी मुलगा होता. तोही कराचीचाच. त्याच्या वडिलांनी पेटीतून कार्ड काढून दिलं, त्यावर शिक्का आणि तारीख होती, आणि दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा बूट वाजवत कवायतीला उभा राहिला. पिंपरी आमच्यापासून दीड-दोन मैलांवर. तिथे ज्यांना इथली भाषा येत नव्हती त्यांच्याजवळ पुरावा होता. आमच्या अंगणात सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेलं चिंचेचं झाड होतं.

मी पुरावे शोधायला लागले. बोट कंपनीने कळवलं की त्या वर्षीच्या याद्या ठेवलेल्या नाहीत. आलो त्याच दिवशी ज्योतीरामला विषमज्वर निघाला होता, पण ज्यांनी औषध दिलं ते डॉक्टर पुढे गाव सोडून गेले आणि वारले. त्यांच्या वह्या कुणी ठेवल्या नव्हत्या. आजारपणात त्याचं वर्ष बुडालं, मी घरी शिकवलं, म्हणून शाळेच्या पटावर नाव चढलं ते एकोणपन्नासच्या जूनमध्ये. रेशनकार्डावर आमची नावं पडली ती अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगते की. माझ्या हातानं भाकरतुकडा ओवाळून टाकलाय दोघांवरनं." पण नात्यातल्या माणसाची साक्ष चालत नव्हती; नेमका दिवस सांगणारा बाहेरचा साक्षीदार हवा होता.

मी गावचे पोलीस पाटील आबाजी यांच्याकडे गेले.

"थंडीत आलात, ह्ये मी डोळ्यांनी बघितलंय," आबाजी म्हणाले. "पर मी लिहिनार कशावरनं? माझ्या बुकात जल्मलेला अन् मेलेला, दोघंच. आलेल्याला रकाना न्हाई."

"मग कोण सांगेल?"

"तुमाला ठेसनावरनं कुनी आनलं?"

"भैरूने."

"मग भैरूलाच इचारा. त्याला ठाव नसंल तर कुनालाच नसंल," असं म्हणून त्यांनी बुक बांधून ठेवलं. ते असं का म्हणाले ते मी विचारलं नाही. मला फक्त नाव मिळाल्यासारखं झालं.

भैरू स्टेशनवर घोडीला चंदी घालत होता. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला तारीख ठाव न्हाई, वैनी."

"महिना सांग."

"आमाला कसला म्हयना."

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. त्याने तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. मी म्हटलं, "आळीत टांगा आणत नाहीस, ते एक असू दे. पण पोराच्या जन्माचं नुकसान होतंय आणि तुला दोन शब्द जड झाले? कोर्टाची इतकी भीती?" बाजूचे टांगेवाले हसले. एकजण म्हणाला, "भैरूराव, जा की! फेटा मी देतो." भैरूने घोडीच्या तोंडाची पिशवी काढली आणि झटकली.

उद्धवराव म्हणाले, सोडून दे. दुसरं काही शिकेल. मुलगा मात्र रोज पहाटे उठून स्टेशनापर्यंत धावून येई, तेवढं चालू होतं. पहिलं वर्ष तसंच गेलं.

पुढच्या मे महिन्यात, उन्हाच्या वेळी, सासूबाई बाहेरून येऊन म्हणाल्या की पाराशी भैरू उभा आहे आणि तुला बोलावतोय. मी गेले. तो टांग्यातून उतरला नव्हता.

"त्ये पोरगं रोज आमच्या म्होरनं पळतं," तो म्हणाला. "आवंदा बी घेत न्हाईत त्याला?"

"कागदाशिवाय नाही."

"मला घेतलं न्हाई, पर त्ये कारन माज्या अंगात व्हतं. ह्याच्या अंगात तर खोट न्हाई." मग त्याने विचारलं, "काय सांगायचं आसतंय?"

"आम्ही दोघं कोणत्या दिवशी आलो ते."

"आनखी काय इचारत्यात?"

"तारीख कशी लक्षात राहिली, ते विचारतील."

त्याने लगाम हातात गोळा केला. "मग सांगाया लागंल," म्हणाला. "चला, कवा जायचं?"

मला वाटलं, तारीख कुणाकडून तरी काढून आणली असेल. मी त्याला बजावलं की खोटं बोलायचं नाही. तो "व्हय" म्हणाला.

आम्ही चौथ्या दिवशी पुण्याला गेलो. उद्धवराव, मी आणि भैरू. त्याने धुतलेलं धोतर आणि कुणाचा तरी फेटा घातला होता. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत आधी एका कारकुनाने त्याला पुढे घेतलं.

"नाव?"

"भैरू."

"भैरू कोण? बापाचं नाव, आडनाव?"

त्याने सांगितलं.

"वय?"

"मानमोडीच्या सालचा हाय."

"ती साथ का तुझी जन्मपत्रिका? महिना?"

"न्हाई ठाव."

"लग्न कधी झालं?"

"लढाई चालली व्हती तवा."

"कोणती लढाई? पानिपतची?" कारकून स्वतःच हसला, शेजारच्या टेबलावरचाही हसला. "साहेब, याला स्वतःचा जन्म माहीत नाही, लग्न माहीत नाही, आणि दुसऱ्याची आल्याची तारीख माहीत आहे."

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या बाई आणि त्यांचा मुलगा कधी आले?"

"येकवीस जानेवारी, सन अठ्ठेचाळीस. बुधवार." भैरूने ते एका दमात म्हटलं.

"तुला लिहिता-वाचता येत नाही. मग ही तारीख कशी लक्षात राहिली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडे बघूनच बोलला. तो जे बोलला ते मी नंतर स्वतः लिहून काढलं, कारण प्रतिज्ञापत्राचा मसुदा करायचं काम माझ्याकडेच आलं. त्याचे शब्द जमतील तसे देते.

"त्या दिशी माजी बायको अडली व्हती, सायेब. चिखलीला. सकाळी सांगावा आला की दुपारपत्तूर मोकळी न्हाई झाली तर टांगा घिऊन ये, पुन्याला न्यायाची. म्या म्हनलं, हाय येळ. आकराच्या गाडीनं ह्या बाई आल्या. दोन ट्रंका, वळकटी, आन् पोरगं तापानं फनफनल्यालं. बाकीचं टांगं गेलं व्हतं. म्या म्हनलं, येवढी सवारी सोडू आन् जाऊ. घरी सोडल्याव बाई म्हनल्या, डाक्टरला घिऊन ये, पोराची शुद्ध ऱ्हाईना. म्या गेलो. डाक्टर जेवत व्हतं. थांबलो. त्यास्नी आनलं, परत सोडलं. मग चिखलीला गेलो. तवा ती गेली व्हती. मूल बी गेलं. सांजच्याला पाटलानं बुकात लिवलं आन् मला म्हनला, येकवीस जानेवारी, बुधवार. तवापास्नं ध्यानात हाय."

कचेरीत पंखा चालू होता. कारकुनाने टाक दौतीत बुडवून पुन्हा बाहेर काढला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मृत्यूची नोंद चिखलीच्या बुकात असेल?"

"आसंल की."

"तिची नक्कल जोडा. तेवढं पुरे."

मी तिथेच प्रतिज्ञापत्र लिहून काढलं आणि भैरूने त्यावर अंगठा दिला. शाई पुसायला काही नव्हतं, म्हणून त्याने तो फेट्याच्या आतल्या बाजूला पुसला.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं समोरासमोर बसलो होतो. मी त्या दिवसाची एकेक गोष्ट पुन्हा आठवत होते. डॉक्टरला आण म्हटल्यावर तो दारात क्षणभर घुटमळला होता, हे मला आठवत होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, "उभा काय राहिलास, जा ना!" आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "जा रे भैरू, आपलंच पोर आहे." त्याने घरच्या सांगाव्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मुलाचे डोळे फिरले होते.

दापोडी गेल्यावर भैरू उद्धवरावांना म्हणाला, "त्यो कारकून लई इनोदी हाय न्हवं?"

उद्धवराव म्हणाले, "हो."

"पानिपत कुटं हाय, आप्पा?"

उद्धवरावांनी त्याला पानिपत कुठे आहे ते सांगितलं. चिंचवड येईपर्यंत दोघं त्यावरच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी चिखलीला पोलीस पाटलांकडे गेले. रंगराव त्यांचं नाव. त्यांनी बासनातून बुक काढलं, पान शोधलं, आणि त्यांची नजर कमी झालेली असल्यामुळे नक्कल मलाच लिहायला सांगितली, खाली सही त्यांनी केली. नोंद एका ओळीची होती. शालन भ्रतार भैरू, वय बावीस, कारण बाळंतपण. तारीख तीच. नक्कल करायला मला फार तर पाच मिनिटं लागायला हवी होती.

"किती वाजता गेली?" मी विचारलं.

"त्ये बुकात न्हाई."

"तुम्हाला आठवत असेल."

रंगरावांनी बुक मिटलं. "दोनाच्या सुमाराला. भैरू आला तीनला. पर बाई, आता त्ये इचारून काय करनार? तुमाला तारीख पायजे व्हती, ती मिळाली."

कागद जुलैत वर गेले. ऑगस्टच्या शेवटी ज्योतीरामच्या नावाचा पात्रतेचा दाखला आला, आणि गणपतीच्या आधीच्या रविवारी तो तुकडीत भरती झाला. कॅप्टनांनी त्याला सांगितलं की एक वर्ष गेलं असलं तरी हरकत नाही, भरून काढता येईल. त्याने ते भरून काढलं. गेल्या हिवाळ्यात तो छावणीत पहिला आला.

दाखला आला त्या आठवड्यात मी भैरूच्या घरी गेले. त्याआधी कधीच गेले नव्हते. त्याची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने मला बसायला पोतं दिलं आणि गूळपाणी आणलं. मी कोण ते तिला माहीत होतं. तिने कुठलाही आडून बोल लावला नाही. नुसतं विचारलं, "पोरगं धडधाकट हाय न्हवं आता?"

भैरू गोठ्यामागे कडबा तोडत होता. काम झाल्याचं मी त्याला सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला.

मी विचारलं की त्या दिवशी घरी सांगावा आलाय असं तू का बोलला नाहीस.

"बोलाया तोंड उघडलं व्हतं. पोराकडं बघितलं आन् मिटलं." त्याने कडब्याची पेंढी बाजूला टाकली. "सुईन म्हनती, मूल आडवं व्हतं, पुन्याला नेली असती तरी वाटंतच गेली असती. म्हनत आसंल बापडी माज्या समाधानासाटी. म्या गेलो न्हाई, येवढं खरं हाय."

"आणि आमची आळी टाळतोस ते म्हणूनच?"

"तुमच्या दाराशी आलं की ती येळ आठवती. तुमचा राग न्हाई, वैनी. दाराचा हाय."

निघताना तो माझ्या मागून वेशीपर्यंत आला. तिथे थांबून म्हणाला, "येक इनंती हाय. ह्यातलं पोराच्या कानाव घालू नगा. त्याला लढाईवर जायाचं हाय. माज्या घरचं वज्जं त्याच्या डोस्क्याव कशाला?"

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं की नाही, हे मी त्यानंतर बऱ्याचदा मनात घोळवलं आहे.

भैरू अजून चौथा टांगा लावतो. पिंपरीला कारखाना झाल्यापासून उतारू वाढले आहेत, पण ते आता बसने जातात. स्टेशनवर दोनच टांगे पुरतील असे दिवस आले आहेत. थोरल्या भावाने त्याला कारखान्यात पहारेकऱ्याच्या जागेसाठी अर्ज कर असं सुचवलं. मी अर्ज लिहून देते म्हटलं. त्याने नको सांगितलं. घोडी म्हातारी आहे, ती आहे तोवर तो टांगा चालवणार आहे.

ज्योतीरामला निवड मंडळाचं बोलावणं आलं आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला त्याला हजर व्हायचं आहे. बोलावण्याबरोबर यादी आहे. मूळ कागद उमेदवाराने स्वतः आणावेत, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं आहे. मॅट्रिकचं प्रमाणपत्र, एन. सी. सी.चं प्रमाणपत्र, पात्रतेचा दाखला आणि तो ज्या कागदांवरून मिळाला ते कागद. फाइल मीच लावली. सगळ्यांत खाली भैरूचं प्रतिज्ञापत्र आहे, त्याला जोडून शालनच्या नोंदीची नक्कल. दोन्ही माझ्या हस्ताक्षरात आहेत, आणि माझं अक्षर मुलाला लांबूनही ओळखू येतं.

त्याने अजून फाइल उघडलेली नाही. प्रवास दीड दिवसाचा आहे. गाडीत वाचायला दुसरं काही नेण्याची त्याला सवय नाही. मी तो कागद काढून ठेवावा असं माझ्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मी दोरी सोडून पुन्हा बांधली. तो कागद काढला तर माझा मुलगा या देशाचा आहे असं सांगणाऱ्या दाखल्याला फाइलीत दुसरा आधारच उरत नाही.